कराची ते जुहू, चार तास

३ ऑक्टोबर १९४७, सांगली

स्वारी येणार. तीही विमानानं! कराचीहून पत्र आलं — मामंजींच्या नावे, अर्थात. बायकोला पत्र घालायची यांची रीत नाही. बुधवारी, आठ तारखेला निघणार. कचेरीनं जागा मिळवून दिली. कराची ते जुहू साडेपाचशे मैल, चार तास.

अडीच वर्षं मी इथं. दर पत्रात तेच — "बिऱ्हाडाला जागा मिळत नाही." एवढं मोठं कराची, पण एक बायको नि एक स्टोव्ह मावेल अशी खोली नाही. विमानात मात्र जागा मिळाली.

५ ऑक्टोबर

मामंजींनी शाळेतला जुना नकाशा काढला, त्यावर दोरा लावला. "साडेपाचशे बरोबर हाएत सूनबाई," असं हरणाबाईची नक्कल करत म्हणाले. इतके खुशीत!

हरणाबाई धुणं आपटता आपटता थांबली. "आवं वैनी, कडेगावास्नं हितं यायला गाडीनं आख्खा दिस जातोय. आन् ह्ये चार तासांत समिंदर वलांडून? खरं न्हाई वाटत."

मलाही वाटत नाही. इच्छा असली तर आगबोटही तीन दिवसांत पोचवते.

८ ऑक्टोबर

दुपारी दोनला मामंजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "उतरला असेल." मी केस धुतले होते. सहज.

९ ऑक्टोबर

तार — "सुखरूप पोचलो. येतो." कधी, ते नाही.

१३ ऑक्टोबर

मुंबईहून सांगली म्हणजे एक रात्र नि अर्धा दिवस, पुण्याला गाडी बदलून. पाच दिवस झाले. पितृपक्ष चालू आहे. कावळेसुद्धा एवढी वाट पाहायला लावत नाहीत.

जाऊबाईंनी फार मायेनं विचारलं, "मुंबईत कुणी असेल का गं त्यांचं?" कित्येक दिवसांत त्या इतक्या टवटवीत दिसल्या नव्हत्या.

तेच माझ्याही मनात होतं.

१४ ऑक्टोबर

नाही.

१६ ऑक्टोबर

कराचीहून पत्र. यांच्या कचेरीतले पाटणकर म्हणून कोणी आहेत, त्यांचं. मामंजींनी उभ्यानं वाचलं. मग खाली बसले. मग कागद माझ्या हातात दिला — आजवर कधी दिला नव्हता.

"अनंतरावांची प्रकृती कशी आहे? थेट मिरजेच्या दवाखान्यात दाखल होणार होते, पलंग मिळाला ना? दोन वर्षं क्षय अंगावर काढला. घरी कळवू देईनात. चारुशीला सेवेला धावत येईल आणि तिलाही लागेल, म्हणायचे. आगबोटीची दगदग सोसली नसती, म्हणून आम्हीच विमानाचा हट्ट धरला."

मागची पानं वाचली. फाडणार होते. फाडली नाहीत. लिहिलं ते मीच.

१७ ऑक्टोबर

मिरज. सहा मैल. आठवडाभर तिथंच होते. आधी ओळखूच आले नाहीत — व्हरांड्यातला शेवटचा पलंग, गळ्यापर्यंत पांघरूण.

"जरा लांब बस," म्हणाले.

"अडीच वर्षं बसले," म्हटलं, आणि स्टूल उशीपाशी ओढलं.