त्याचा जोडीदार कोण होता

आई, काल शेणव्याच्या अंगणवाडीत माझी फजितीच झाली. निवृत्त पर्यवेक्षिका म्हणून मला माता बैठकीला बोलावलं होतं. सूनही नातीला घेऊन आली होती. सेविकेने सगळ्या आयांना मुलांकडे पाठ करून बसवलं आणि एकेकीला विचारलं, तुमच्या मुलाचा खेळातला जोडीदार कोण, दोघं भांडतात कशावरून? चुलीवर भाकरी करपली तरी लेकीचं बोलणं ऐकत बसते, म्हणून मी जिला रोज घालूनपाडून बोलते, त्या सुनेने सगळं धडाधड सांगितलं. मागे तिची लेक एका रडक्या पोराला आपल्या वाटीतलं भरवत होती. "आता मॅडम, तुमी सांगा. तुमच्या मुलाचा लहानपणी जोडीदार कोण होता?" सेविकेने गंमत केली. बाया हसल्या. मला एकही नाव आठवेना. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या नोंदी तपासल्या मी, 'इतर मुलांत मिसळतो की नाही'.

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्या आल्या त्यालाच विचारलं. बूट काढत म्हणाला, "जोडीदार? आजी होती की." "आणि ती गावी परत गेल्यावर?" "मग कोणी नाय." एवढं बोलून त्याने चहा मागितला.

तो लहान असताना मुरबाडच्या भाड्याच्या खोलीत तू त्याला सांभाळायला टोकावड्याहून आली होतीस. मी कामावरून येते, तर तू तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सारून बसलेली, कारण त्याला मुंगळ्याचं काहीतरी सांगायचं आहे. शेजारची दोन पोरंही तुझ्या गुडघ्याला टेकून ऐकतायत. "लाडावून ठेवलंस. तुला सोडून कुणात मिसळायचा नाही हा," मी खेकसते. तू म्हणतेस, "नाय गो बाय. त्याचं कोणी आयकलं, तर तो दुसऱ्याचं आयकंल ना?" पुढच्याच आठवड्यात मी तुला एसटीत बसवलं. शेजारची पोरं यायची थांबली. तो कोपऱ्यात गुमान बसायला लागला, आणि मी चारचौघांत सांगत राहिले, माझा मुलगा किती शहाणा!

खोली लहान पडते, असं तुला कारण दिलं होतं. तू पिशवी भरलीस. तू आता नाहीस, हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. खोली पुरत होती, आई. मी दारात आले तरी तो तुझ्या मांडीवरून उठत नसे. ते मला बघवत नव्हतं.