'र'चा पाय

जळगाव, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९६४

शेठजींच्या कापडदुकानाची पाटी आज एकदाची लागली. तीन दिवस जिवाला घोर होता, कारण या वेळी मी नेहमीची अक्षरं काढलीच नव्हती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या जुन्या अमेरिकन मशिनवर इंग्रजी अक्षरं ओतलेली आहेत. जाडी सगळीकडे सारखी, वेलबुट्टी नाही, सावली नाही. त्यातल्या 'आर'चा पाय काय ताठ उतरतो! तोच मी आपल्या 'र'ला दिला आणि बाकीची अक्षरं त्याच मापानं बसवली.

शेठजी म्हणाले, "पेंटर, ही अक्षरं की फळ्या? नानांना दाखवा. ते हो म्हणाले तर ठेवू."

नाना माझे उस्ताद. डोळ्यांत मोतीबिंदू, ब्रश कधीच सुटला. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांनी अख्खी पाटी वाचली. तिथून! शेजारची त्यांच्याच हातची, सावली दिलेली पाटी त्यांना वाचता आली नाही.

मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "कोपरामातलं मनं नाव पुस."

कोपऱ्यात उस्तादाचं नाव टाकायची आमची रीत; चौदा वर्षं टाकतोय. एवढं चुकलं का माझं?

"हाई अक्षर मनं नही. तुनं शे. तुनं नाव लिख."

शेठजींनी शिडी धरली. मी वर चढलो. नानांचं नाव पुसून माझं, 'रघुनाथ', लिहिलं. 'र'चा पाय ताठ उतरला.