पाचवी पुडी

आई, मी लिहितेय. वही माझ्या मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तेव्हा दोघींचं बरोबरच आहे. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुझी आठवण काढून रडत बसणं मला जमलं नाही, जमणारही नाही. आज लिहितेय ते एका पुडीसाठी. मी सातवीत असताना तू मला तिखटाच्या पाच पुड्या देऊन पाच घरी पाठवलं होतंस. मी परत येऊन सांगितलं, पाची दिल्या. आई, मी चारच दिल्या होत्या.

हे आत्ताच का उकरून काढलं, तर त्याला कारण तुझी नात. तू तिला रांगताना पाहिलंस, आता तेवीस वर्षांची आहे. सरकारी भरतीच्या परीक्षा देते. दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली, आणि दोन्ही वेळा गणितातच गेली. गंगापूर रोडला क्लास आहे, द्वारका चौकावरून रोज जाऊन-येऊन करते. गेल्या आठवड्यात दुपारी लाईट गेली होती, म्हणून कांडपाचं यंत्र बंद होतं. मी मिरच्यांचे देठ काढत होते आणि ही पोत्याला टेकून गणितं सोडवत होती. मोठ्यानं वाचायची सवय आहे तिला. एका गावाची लोकसंख्या पहिल्या वर्षी वीस टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्या वर्षी दहा टक्क्यांनी, तर दोन वर्षांत मिळून किती टक्के कमी झाली? म्हणाली, "तीस." मग पुस्तकाच्या मागं उत्तर बघितलं आणि वही आपटली. "अठ्ठावीस! परत तेच. सरांनी सूत्र दिलंय गं, पण ऐन वेळी अधिक-वजा चुकतंच माझं."

मी मान वर न करता बोलून गेले, "वीस गेल्यावर शंभर उरले कुठे तुझे?"

ती बघतच राहिली. मीही बघत राहिले, कारण ते माझं बोलणं नव्हतं. ते तुझं होतं. इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. देठ काढता काढता हातातून मिरची निसटावी तसं तोंडातून निसटलं.

तुला आठवेल, तेव्हा गल्लीत कांडपाचं यंत्र आपलंच. उन्हाळा लागला की बायका मिरच्या घेऊन यायच्या. दहा-दहा किलोवाल्यांचं काही नाही, त्यांचा घाणा वेगळा निघायचा. पण दोन-तीन किलोवाल्यांसाठी यंत्र चालवणं परवडायचं नाही, म्हणून तू त्यांचा एकत्र घाणा घालायचीस. त्यातली कुणी ओलसर मिरची आणून टाकायची आणि सगळं तुझ्यावर सोडायची, कुणी वाळवून आणायची, कुणी देठसुद्धा काढून आणायची. मग तिखट झालं की ज्याचं त्याला वाटून द्यायचं, आणि तिथं तुझा हिशोब. वाळवताना पाचात एक जातो. देठात दहात एक. कांडताना विसात एक उडतो. कागद नाही, पेन नाही. डोळे बारीक करून तू त्या लोखंडी मुसळांकडे बघायचीस आणि बरोबर आकडा सांगायचीस. तेव्हा मला वाटायचं, ही नुसती अंदाजपंचे ठोकते.

आम्हाला त्या वर्षी शेकडेवारी शिकवली होती. गुरुजी म्हणाले होते, शंभरात किती ते सांगा म्हणजे झालं. मी तुझं सगळं शंभरात बसवलं. पाचात एक म्हणजे वीस, दहात एक म्हणजे दहा, विसात एक म्हणजे पाच. झाले पस्तीस. आणि मग तू येवल्याकडं मामाच्या सासऱ्याच्या दहाव्याला गेलीस. सकाळच्या एस्टीनं जाऊन दुसऱ्या दिवशी येणार होतीस. जाताना म्हणालीस, "घाणा तेवढा काढ, वाटू नको. मी आले की वाटते." मी ऐकणारी होते का? मी वाटला. त्या घाण्यात पाचजणी होत्या, सगळ्यांची ओली मिरची, प्रत्येकीची तीन किलो. शंभरातून पस्तीस वजा करून मी प्रत्येकीला एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम दिलं. आणि डब्यात तळाशी तिखट उरलं. जेमतेम अर्धा किलो. मला काय आनंद झाला होता! वाटलं, आईला बाया लुबाडतात आणि हिला कळतही नाही.

तू आलीस. पायातली चप्पल पण काढली नव्हतीस, मी डबा पुढं धरला. "बघ. दर घाण्याला एवढं तू लोकांना फुकट वाटतेस. अडाणी ती अडाणीच." हे शब्द माझेच आहेत, मी त्यांना पावडर लावत नाही. तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू डब्यात बोट घातलंस, तिखट चोळून बघितलंस आणि खाली बसलीस.

"वाटे कशे केले?"

मी पस्तीस सांगितले.

"शंभरातले वीस वाळण्यात गेले. बरं. मग देठ काढाया बसली तवा तुझ्यापुढं किती हायेत?"

"ऐंशी."

"मग ऐंशीचे देठ काढ ना बाई. शंभराचे कशाला काढते? वीस गेल्यावर शंभर उरले कुठे तुझे? जे उन्हानं नेलं, त्याचे देठ तू कुठून आणशील?"

मला लगेच कळलं. खरं सांगते, तिथल्या तिथं कळलं. तीन किलोचे वाळून दोन किलो चारशे, देठ जाऊन दोन किलो एकशे साठ, कांडून दोन किलो पन्नास. मी प्रत्येकीला शंभर ग्रॅम कमी दिलं होतं. पण मी तोंड वाकडं करून म्हटलं, गुरुजींनी असंच शिकवलंय. गुरुजींनी असं काही शिकवलं नव्हतं. तू म्हणालीस, "गुरुजीला मिरच्या वाळवायला बोलव मग." आणि पाच कागद घेतलेस, पाच पुड्या बांधल्यास, आणि म्हणालीस, "जिचं तिला नेऊन दे. आणि नुसतं देऊन येऊ नको. म्हणायचं, माझं चुकलं, मी कमी दिलं. आईचं नाव घ्यायचं नाय. चूक तुझी हाय."

चार घरी मी गेले. एकीनं हसून पाठीत धपका घातला, एकीनं गूळ दिला, दोघींना तर कमी आलंय हेही माहीत नव्हतं. पाचवं घर गजरेवाल्या मावशीचं होतं. तुझी मैत्रीण म्हणावी अशी जगात ती एकच. रोज दुपारी देवळाच्या पायरीवरून उठली की उरलेला गजरा घेऊन यायची आणि तू, "मला कशाला, मी काय माळू आता," म्हणायचीस, तरी ती यंत्राच्या दांड्याला तो अडकवून जायची. त्या सगळ्या ठसक्यात मोगऱ्याचा वास यायचा. मी तिच्या दारापर्यंत गेले, आई. आत तिची मुलगी अभ्यास करत बसली होती. ती माझ्या वर्गात, गणितात पहिली. तिच्या देखत म्हणायचं होतं, माझं शेकडेवारीचं गणित चुकलं. मी उभी राहिले, उभी राहिले, आणि मागं फिरले. पुडी नाल्यात टाकली. कागद तरंगत गेला तो अजून दिसतो.

मावशी त्यानंतर आली नाही. तिनं घरी वजन केलं असणार, देवळापाशी फुलं तोलून विकणारी बाई ती, तिला शंभर ग्रॅम हाताला कळायचं. भांडायला आली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर तिथंच उलगडलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मिरची दुसरीकडं नेली. तू किती दिवस दुपारी दाराकडं बघायचीस. एकदा मला विचारलंस, "तिला पुडी दिली तवा काय म्हणाली गं ती?" मी म्हटलं, "काही नाही. बरं म्हणाली." तू म्हणालीस, "मग काय झालं असंल? माझ्याच तोंडातून काई गेलं असंल." एकदा तिच्या घरीही जाऊन आलीस. पण पुडीचं तू काढलं नाहीस, कारण तुझ्या लेखी ती दिलेली होती, आणि तिनंही काढलं नाही, कारण तिच्या लेखी तू लबाड होतीस. दोघी पाऊसपाण्याचं बोलून चहा प्यायल्या असाल. घरी येऊन तू म्हणालीस, "लय बदलली बाई," आणि पदरानं यंत्राचा दांडा पुसत बसलीस.

मी त्याच वर्षी शाळा सोडली. त्या मुलीच्या शेजारी बसणं मला नको झालं होतं. तुला म्हटलं, यंत्र कोण बघणार? तुला वाटलं, तू मला फार बोललीस, म्हणून माझं मन उडालं. मी तसं वाटू दिलं. त्या दुपारी गणित जमल्यावर तुझी नात काय म्हणाली ऐक. तिला मी तीन किलो मिरची तुझ्यासारखीच वाळवून, देठ काढून, कांडून दाखवली, तोंडानंच. तिनं त्या पद्धतीनं बारा गणितं सोडवली, अकरा बरोबर. म्हणाली, "आजीला एवढं येत होतं आणि तिनं तुला मात्र शाळेतून काढलं? कमाल आहे आजीची."

मी म्हटलं, "आजीनं नाही काढलं. मी सोडली."

"का?"

"चौकशा नको. ते बारावं कर."

बारावं तिला आलं नव्हतं, सूत्र बघून केलं आणि मग मलाच शिकवायला लागली. शंभराचे वीस टक्के गेले, ऐंशी राहिले. आता ऐंशीचे परत शंभर करायचे तर किती टक्के वाढवावे लागतील? मी म्हटलं, वीस, त्यात काय. ती हसली. "सापडलीस! आता तूच चुकलीस. वीस टक्के वाढवले तर शहाण्णवच होतात. पंचवीस लागतात. कारण आता ऐंशीवर मोजायचं, शंभरावर नाही." मी देठ काढायची थांबले. गेलेलं तेवढंच परत टाकून पुरत नाही, हे तू मला कधी शिकवलं नव्हतंस. तुझ्या धंद्यात नुसती घटच होती. वाढ कुठून येणार होती?

तू गेलीस त्या दिवशी मावशी आली होती, हे तुला माहीत नाही. माणसांच्या मागं उभी राहिली, मग पुढं येऊन तुझ्या पायाशी एक गजरा ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा बोलायचं होतं. सगळी गल्ली मला तोंडाळ म्हणते, आमदाराच्या माणसालाही मी दारातून हाकललंय, पण तेव्हा माझी जीभ उचलली नाही.

ती आहे अजून. लेकीकडं राहते, गंगापूर रोडला, क्लासच्या मागच्याच गल्लीत. पोरगी एकदा डबा विसरली होती, द्यायला गेले तेव्हा दिसली. फाटकाच्या आत खुर्चीवर बसलेली, मांडीवर ताट, ताटात फुलं. विकायचं काही राहिलं नसेल, हाताला सवय म्हणून ओवत असेल. मी पलीकडच्या बाजूनं निघून आले.

पोरीची परीक्षा रविवारी झाली. तसलंच एक गणित आलं होतं, म्हणाली, दोनदा घट आणि एकदा वाढ. पेपर लिहिताना हिनं मनातल्या मनात मिरच्या वाळवल्या, आणि बरोबर आलं. निकाल लागायचाय. सोमवारी मी नवा घाणा काढला, त्यातलं शंभर ग्रॅम तिखट काट्यावर तोललं. मग थांबले. मग अजून एक मूठ टाकली, ती तोलली नाही. किती टाकायचं हे मला पोरीलाही विचारता आलं नसतं, कारण कशावर मोजायचं तेच सांगता येत नव्हतं. मावशीच्या पुढं काय म्हणायचं तेवढं मात्र पाठ आहे, तूच सांगून ठेवलंय. माझं चुकलं, मी कमी दिलं. आईचं नाव घ्यायचं नाही. फक्त या वेळी, पुडी तू पाठवली होतीस हे सांगायला, तुझं नाव घ्यावं लागेल, तेवढं माफ कर.

पुडी फळीवर आहे. आज शुक्रवार. उद्या नक्की जाईन, असं इथं लिहिणार होते, लिहिलंही होतं, मग खोडलं. पुडी पोचवल्याचं मी तुला एकदा खोटं सांगितलंय.