मांडे, माझं खापर आणि केळीच्या खोलीतलं इंजेक्शन

यावल, अक्षय्यतृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, तोंडावर

सौ. सुलक्षणावहिनींना,

कुंदाचा वाकून नमस्कार. (यंदा खरोखर वाकून. मागचे नमस्कार नुसते कागदावर वाकले होते.) नानांचा खोकला, तुमची गाय, पिंपळनेरची हवा, बठ्ठं ठीक शे ना? फोन न करता पत्र लिहिते, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि आपलं बोलणं आधी आळीला कळतं, मग तुम्हाला.

माझ्या आमवाताचं तुम्ही पाहिलंच आहे. सकाळी मूठ मिटायची नाही, आणि मागच्या आखाजीला तुमच्या अंगणात मांडा हातावर फिरवायला घेतला तर पुरणासकट चुलीपुढे पडला. एरंडेल झालं, शेक झाला, कुणाकुणाची मुळी झाली. शेवटी जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढून, रक्त तपासून, टीबी नाही याची खात्री केली आणि नवं इंजेक्शन चालू केलं. बायोलॉजिक म्हणतात त्याला. ते काय करतं हे त्यांनी सांगितलं, मी माझ्या अकलेनं समजले ते असं. केळीच्या बागेत रानडुकरं शिरली की एक जण हाळी देतो आणि सगळे राखणदार काठ्या घेऊन धावतात. माझ्या अंगात डुक्कर एकही नाही, हाळी मात्र चालू, आणि ते बहाद्दर माझ्याच सांध्यांना झोडपत सुटलेले. हे इंजेक्शन ती हाळीच (टीएनएफ म्हणतात तिला) वाटेत धरून ठेवतं. कुणाला ऐकूच गेली नाही तर धावणार कोण? मी विचारलं, मग खरीच डुकरं आली तर? बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, म्हणूनच ताप आला तर इंजेक्शन न घेता आधी मला कळवायचं. शाळेत मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी घरापर्यंत हसत आले.

आता आमच्या ह्यांचा पराक्रम ऐका. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि आमच्याकडे वीज जावयासारखी, आली तर आली. (तुमचे जावई सोडून.) एके दिवशी दह्याच्या भांड्यामागे बघते तर डबी गायब. ह्यांनी काय करावं? वीज नाही म्हणून ती हितेंद्रभाऊजींच्या जनरेटरवर चालणाऱ्या, केळी पिकवायच्या थंड खोलीत नेऊन ठेवली, दोन दिवस, आणि वर मिशीला ताव. मी त्यांना काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. डबी घेऊन दोघं जळगावला गेलो. बाईंनी विचारलं, खोली किती थंड असते? तर हे छाती काढून म्हणतात, चार दिवसांत हिरवी केळी पिवळीधमक होतात. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, औषध पिकवायचं नसतं."

मग भाऊजींना फोन लावून खोलीचं तापमान विचारलं, आणि माहितीपत्रक वाचून म्हणाल्या, एवढ्यानं बिघडलेलं नाही, पण आता परत फ्रीजमध्ये जायचं नाही, आजच टोचायचं. हे पूर्णवेळ भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत उभे. बिचारे. जीव माझ्यासाठीच टांगलेला होता, एवढं मला कळतं.

आणि वहिनी, तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मूठ मिटली. मी ती ह्यांना दाखवायला नाकासमोर धरली तर हे दोन पावलं मागे सरले. आजार गेला नाही, फक्त गप्प बसलाय, इंजेक्शन चालू ठेवायचं, असं बाई म्हणतात. बसू दे बापडा. लोणच्याची बरणी मी उघडते आता, आणि गरज नसताना परत परत उघडते.

मुलांना आशीर्वाद, नानांना नमस्कार.
तुमची कुंदा

ता.क. सहज आठवलं म्हणून. त्या आखाजीला रागानं माझं मांडे भाजायचं खापर मी तुमच्या माळ्यावर टाकून आले होते. ते उतरवून धुऊन ठेवाल का? आखाजीला माहेरी येते आहे.

ता.क. सहज नाही आठवलं. हे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. काल शेजारच्या मंदाबाईच्या खापरावर एक मांडा टाकून पाहिला. मध्ये भोक पडलं, पण मनगटावरून घसरला नाही.

ता.क. त्या दिवशी सगळ्यांदेखत तुम्ही मायेनंच म्हणालात, "कुंदाताई, तुम्ही बसा." सांध्यांपेक्षा ते जास्त दुखलं. यंदा पहिला मांडा फाटला तर पोटभर हसा. फक्त बसा म्हणू नका.