सतरा नव्वे किती

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

हाताची आग अजून गेली नाही. पल्लवीचा ओठ दातावर फाटला, रक्त फ्रॉकवर उतरलं. माझी दहा वर्षांची पोर. आणि चूक काय तिची?

मोठ्या वहिनीच्या अंगात देवी आली होती. केस मोकळे, हातात वेत, समोर सगळं घर वाकलेलं. वहिनी घुमत म्हणाली, "मले सारं ठाऊक हाये. इचारा."

पल्लवीनं विचारलं, "मंग सतरा नव्वे किती?"

घुमणं थांबलं. कोणीतरी हसलं. वहिनीनं सपकन पोरीच्या पाठीवर वेत ओढला. मी तो हिसकावायला उठलो होतो, खरंच उठलो होतो. पण मारलं मीही तिलाच, तोंडावर, दोनदा. दुसरी थप्पड कशासाठी? त्या हसणाऱ्यासाठी?

शाळेत मी विज्ञान शिकवतो. तपासल्याशिवाय मानू नका, असं रोज सांगतो. याच हातानं फळ्यावर लिहितो.

आई म्हणाली, "बरं केलं. जीभ लांब झाली होती तिची."

जेवताना मी पल्लवीला विचारलं, "दुखून राह्यलं का?"

ताटातून वर न बघता ती म्हणाली, "तुमी म्हणसान तसं, बाबा."