ताटातलं नाव

प्रिय अण्णा,

फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तुम्ही गप्प होता, म्हणून लिहितेय. रविवारी यशवंतपूरहून तुमच्याकडून परतल्यापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. आजही दूध उतू गेलं. तुमच्या लग्नावर मी नाराज नाही, हे आधी लक्षात घ्या. आई गेल्यावर तुम्ही रिकाम्या घरात रेडिओशी वाद घालायचात, ते मला बघवत नव्हतं. प्रेमाक्का आल्या ते बरंच झालं.

ऑफिसातही मी घोळ घातला. सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांत टँकरने येणाऱ्या पाण्याची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहीत होते. टँकर कितीही येवोत, उत्तर शून्य. शेवटी शेजारी बसणाऱ्या अद्वैतने चुकीवर बोट ठेवलं. बेरीज साठवायला मी सुरुवातीला ‘एकूण’ नावाचा डबा केला होता, आणि पुढे लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक टँकरसाठी तेच काम पुन्हा होतं तिथे, सवयीने त्याच नावाचा दुसरा डबा करून बसले. पाणी पडायचं आतल्या डब्यात, आणि फेरी संपली की तो नाहीसाच व्हायचा. बाहेरचा बिचारा कोरडा, आणि नाव एकच असल्यामुळे आतून तो दिसायचाही नाही. अद्वैत हसला. मला मात्र रडू आलं, आणि का ते त्याला सांगता येईना.

रविवारी आत्या म्हणाली, लग्नात नवरीचं नाव बदलतातच, तर वहिनीचंच ठेवा, श्यामला, दारावरची पाटीही बदलायला नको. तुम्ही हसून मान डोलावलीत. प्रेमाक्का बीन्स चिरत होत्या. “सरी, बरं, तुम्ही म्हणाल ते,” एवढंच म्हणाल्या आणि चिरलेल्याच शेंगा पुन्हा चिरत बसल्या. तुम्ही पाहिलं नाहीत, अण्णा. मी पाहिलं.

प्रेमाक्का हाकेला ओ देतील, पण आईच्या नावाने. त्यांनी रांधलेलं, तुमच्या आजारपणात केलेलं, त्यांचं म्हणून काही उरणारच नाही. आणि मला आईची आठवण आली, तर तुमच्या घरात मी तिचं नाव कसं घ्यायचं? म्हणून हात जोडून सांगते, गुरुवारी लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने ‘प्रेमा’ लिहा. त्यांची पाटी मी करून आणते. दारावर आईच्या नावाखाली पुष्कळ जागा आहे. निघताना मी बघून आलेय.

तांदळाचं ताट धरायला येणारी,
तुमचीच,
केतकी