हात न उगारता चौदा दिवस

१ जुलै १९७४, सोमवार. पहाटे पाच.
निघालो. चौदा दिवस, पाच राष्ट्रीय उद्यानं, मुक्काम तंबूत. घरी घातलेल्या पीचच्या बरण्या चोवीस, पाव सहा. हॉटेल एकही नाही.
एल्डनने आमच्या चर्चच्या बिशपसमोर अट घातली आहे. प्रवासभर माझा हात उठला नाही तर तो माझ्याबरोबर आयडाहोला परत येईल. उठला तर भावाकडे ॲरिझोनाला, कायमचा. तीस वर्षांच्या संसारानंतर नवरा असं बोलतो. मी मुळात शांत स्वभावाची. बिशपनीही मान डोलावली. त्यांची बायको मात्र उगाच खोकली.

२ जुलै, झायन. दुपारी.
इथल्या खारी निर्लज्ज. डोळ्यांदेखत अर्धा पाव पळवला. तवा फेकला. एल्डनच्या खांद्याला लागला, कारण तो नेहमी नको तिथे उभा राहतो. म्हणाला, हा एक झाला. मी समजावलं, उगारला होता खारीवर. त्याने तवा उचलून गाडीत मागे ठेवला. पटलं असावं.
संकल्प : राग आला की स्तोत्र म्हणायचं.

४ जुलै, ब्राइस.
शेजारच्या तंबूत नेव्हाडाचा एक माणूस. स्वातंत्र्यदिन म्हणून सकाळी सातपासून बिअर आणि रेडिओ. तीन स्तोत्रं म्हटली, मोठ्याने. मग खुंट्या ठोकायची हातोडी घेऊन गेले. रेडिओ एका घावात गेला. तो माणूस म्हणाला, मी बाईमाणसावर हात टाकत नाही, आणि एल्डनच्या नाकावर ठोसा मारला. रक्त बरंच. चर्चला घालायचा शर्ट गेला.
मी एल्डनला बोटसुद्धा लावलं नाही. दिवस निर्मळ.

६ जुलै, शनिवार. कॅपिटल रीफ.
एल्डन बोलत नाही. नाक सुजल्यामुळे असेल. तंबूचा खांब गुडघ्यावर घेऊन मोडला. वाकडाच होता. पेट्रोल भरू का, म्हणून एल्डनने पंपाच्या पाटीकडे बोट करून विचारलं. म्हटलं, टाकी अर्धी आहे, पुढे स्वस्त मिळेल.

७ जुलै, रविवार. संध्याकाळी, ग्रीन रिव्हर, दवाखाना.
महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या चर्चचा उपास. पाणीसुद्धा नाही. एल्डनला हे अजून सांगावं लागतं. सकाळी इथल्या चर्चला यायला निघालो. वाटेत हँक्सव्हिलचा पंप उघडा होता, पण रविवारी विकत काही घ्यायचं नसतं. एल्डनने दोनदा विचारलं. मी स्तोत्र म्हणत होते.
गाडी वाळवंटाच्या मधोमध बंद पडली. सावली नाही. दोन तासांनी एल्डनने पाण्याचा कॅन काढला. मी ओढला. त्याने ओढला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या हातातून काही हिसकावलं. मग मी कॅन परत ओढला आणि फिरवला, दोन्ही हातांनी. एल्डनच्या भुवईवर बसला, फुटला, पाणी वाळूत गेलं. एल्डनही वाळूत गेला.
मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने इथे आणलं. टाके सहा. डॉक्टरांनी विचारलं, पडले का? मी म्हटलं, उपासाने चक्कर आली. खोटं यात काहीच नाही.
उपास मात्र वाचला.

८ जुलै. सकाळी.
ट्रकवाल्याने गाडी ओढून आणून दिली. एल्डन म्हणाला, मी उद्याच्या बसने भावाकडे जातोय. ते ऐकून मला काहीसुद्धा झालं नाही. हात मांडीवर. आवाज चढला नाही. आरडाओरडा नाही. तसं त्याला दाखवूनही दिलं : बघ, किती शांत आहे.
तो म्हणाला, “व्हर्ला, तू शांत असलीस की मी भांडी कुठेकुठे आहेत ते बघून ठेवतो.”
डोळा सुजलेला, त्यामुळे तो हसतोय का रडतोय ते कळेना. त्याने पाणी मागितलं. मी ग्लास हातात दिला. त्याने आधी मान मागे घेतली, मग घेतला.

९ जुलै. दुपारी दीड.
बस गेली. मी हात हलवला. नुसता हलवला. एल्डनने खिडकीतून पाहिलं नाही.
गाडीची किल्ली त्याच्या खिशात गेली. दगड घेऊन काच फोडली. आत गेले आणि बसले, माझ्या नेहमीच्या बाजूला. स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला.